सायकलस्वाराची मान: एक आढावा

सायकल चालवताना उद्भवणारी मानदुखी बहुतेक वेळा अतिवापराची असते. पडझड नाही, धक्का नाही. एकाच स्थितीत फार वेळ ताणून धरलेले स्नायू थकतात, आखडतात आणि ठणकू लागतात. हौशी सायकलस्वारांत हा त्रास किती सर्रास आढळतो, याची कल्पना कॅलिफोर्नियातील १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतून येते. तिला उत्तर देणाऱ्या ५१८ जणांपैकी ४८.८ टक्क्यांनी मानेच्या तक्रारी नोंदवल्या, गुडघा ४१.७ टक्क्यांवर, म्हणजे दुसऱ्या क्रमांकावर राहिला. नॉर्वेच्या संशोधकांनी २०१० मध्ये १०९ व्यावसायिक शर्यतपटूंची पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात मात्र कंबर आणि गुडघा पुढे होते. व्यावसायिक खेळाडू हौशी माणसापेक्षा कितीतरी अधिक वाकून आणि कितीतरी अधिक तास सायकल चालवतो, तरी त्याची मान तुलनेने शाबूत राहते. सायकल त्याच्या मापाला बेतलेली असते आणि शरीर वर्षानुवर्षे त्या स्थितीला सरावलेले असते, हे त्याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण.

माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो. ताठ बसले असता ते मानेच्या सात मणक्यांवर तोललेले राहते आणि स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. धड पुढे झुकले की हा तोल जातो. डोके मानेच्या मुळापुढे लोंबकळते आणि ते धरून ठेवण्यासाठी मागच्या स्नायूंना सतत ओढ द्यावी लागते. या स्नायूंची पकड मणक्यांना अगदी लागून असल्याने त्यांना डोक्याच्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. शिवाय नजर रस्त्यावर हवी, म्हणून हनुवटी वर उचलावी लागते. ते काम कवटीच्या तळाशी असलेल्या छोट्या स्नायूंवर पडते, आणि ते दमले की दुखणे डोक्याच्या मागून कपाळाकडे सरकते. पुष्कळांना ही सायकलीची डोकेदुखी आहे हे कळतही नाही. उन्हाला किंवा पित्ताला दोष दिला जातो. खांद्याच्या पात्यापासून मानेच्या वरच्या मणक्यांपर्यंत जाणारा लेव्हेटर स्कॅप्युली आणि मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस हे दुखण्याचे दुसरे ठिकाण. हात ताठ ठेवून, खांदे कानांकडे ओढून बसणाऱ्याचे हेच स्नायू आधी बोलू लागतात.

मान किती मागे मोडावी लागेल हे पाठीच्या वरच्या भागावरही ठरते. तिथला कणा पोक काढल्यासारखा गोल असेल, तर त्या गोलाईची भरपाई मानेला करावी लागते. ओटीपोट पुढे कलत नसेल तर पाठ गोल होते. सीट चुकीची असेल तर ओटीपोट कलत नाही. म्हणजे दुखते ती मान, पण कारण शोधायचे ते बहुधा तिच्या खाली. या विषयातले बहुतेक अपुरे उपाय मानेपाशीच घुटमळतात, म्हणून ते चार दिवस पुरतात आणि पुढच्या रविवारी दुखणे परत येते.

मुंबईलगतच्या मीरा-भाईंदरमध्ये सायकल चालवणाऱ्यांचे दोन वर्ग ठळक दिसतात, आणि मानेच्या दृष्टीने ते एकमेकांपासून फार दूर आहेत. पहिला वर्ग कामाच्या सायकलीचा: पहाटे दूध, वर्तमानपत्रे, पाव पोचवणारे, कारखान्यात किंवा बांधकामावर जाणारे. त्यांची जुन्या घडणीची काळी सायकल जड असते, पण तिचे हँडल सीटच्या बरोबरीने किंवा वरच असते आणि मुठी अंगाकडे वळलेल्या असतात. स्वार ताठ बसतो, वजन बसण्याच्या हाडांवर येते, डोके मानेवर तोललेले राहते. या सायकलीवर खांदा-पाठ दुखू शकते ती ओझ्याने. मान मोडून बघण्याची वेळ क्वचित येते. वेगाच्या हिशेबात ही बैठक वाईट, कारण छाती वाऱ्याला सरळ भिडते. मानेच्या हिशेबात तिच्यात सुधारणेला फारसा वाव नाही.

दुसरा वर्ग शनिवार-रविवारच्या हौशी स्वारांचा. त्यांच्या मानेची गोष्ट सायकलीवर बसण्याआधीच सुरू होते. मीरा रोड किंवा भाईंदरहून अंधेरी, वांद्रे-कुर्ला संकुल किंवा चर्चगेटला जाणारा माणूस लोकलमध्ये उभ्या-उभ्या मोबाइलवर मान घालतो आणि पुढे दिवसभर संगणकासमोर खांदे गोल करून बसतो. पाठीचा वरचा भाग त्या आकारात घट्ट होत जातो. मग रविवारी सकाळी तीच मान तीन-चार तास उलट्या दिशेने, मागे मोडून धरायची असते. आठवड्यात एकदाच येणारा हा ताण अंगवळणी पडायला सवड मिळत नाही.

रस्तेही आपापली भर घालतात. भाईंदर पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोर्वा या गावांवरून डोंगरी, उत्तनकडे आणि पुढे गोराईला जाणारा रस्ता स्वारांचा लाडका. गोराईहून बोटीने खाडी ओलांडली की बोरिवली गाठता येते. हा रस्ता अरुंद, वळणांचा, मधूनमधून चढउतारांचा आहे. समुद्राकडचा वारा तोंडावर आला की माणूस आपसूक वाकतो आणि मान आणखी मोडतो. काशीमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या चढावरून ठाण्याकडे जाताना प्रश्न वेगळा: अवजड वाहने आणि पावसाळ्यातले खड्डे. खड्डा दिसला की हात आवळले जातात, खांदे वर चढतात, आणि खड्डा मागे पडला तरी खाली येत नाहीत. वर्सोवा पूल ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून वसई, विरार, मनोरच्या दिशेने निघाल्यावर रस्ता सरळ, वेग स्थिर आणि बैठक तासन्‌तास तीच. सपाट, चांगला रस्ता मानेला सोपा वाटतो. प्रत्यक्षात बदलच न मिळाल्याने तो लांब पल्ल्यावर जास्त महाग पडतो. शहराच्या आत पेव्हर ब्लॉक आणि गतिरोधक यांचे हादरे वेगळेच.

उपायांची सुरुवात सायकलीपासून करणे शहाणपणाचे, आणि सायकलीत सर्वांत आधी फ्रेमच्या मापापासून. माप चुकले असेल तर पुढची सगळी खटपट अर्धी वाया जाते. दुकानात शिल्लक असलेली किंवा ओळखीत स्वस्त मिळालेली जुनी रोड बाइक घेतली जाते. रंग आणि गिअर पाहिले जातात, सीटपासून हँडलपर्यंतची पोच कोणी मोजत नाही. मोठी फ्रेम घेतलेल्या स्वाराचे हात कोपरात सरळ ताणले जातात. प्रत्येक हादरा मग मनगटातून थेट खांद्यात आणि खांद्यातून मानेत जातो. कोपरे किंचित वाकलेली राहतील एवढीच पोच असावी, ही साधी कसोटी घरीही लावता येते. ब्रेकच्या हूडवर हात ठेवून बसल्यावर कोपर सहज सैल पडत नसेल, तर पोच लांब आहे.

पोच कमी करण्याचा रूढ मार्ग म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा स्टेम बदलणे. रोड बाइकवर तो साधारण ७० ते १२० मिलिमीटरचा असतो. एक किंवा दोन सेंटिमीटरने आखूड घेतला तरी बैठकीत स्पष्ट फरक जाणवतो. फार आखूड केला तर सायकल चंचल वळते, म्हणून बेताने घ्यावे. उंचीसाठी आणखी स्वस्त तोड आहे. पुष्कळ स्टेम सहा-सात अंशांनी कललेले असतात आणि खाली तोंड करून बसवलेले असतात. तोच स्टेम उलटा बसवला की हँडल सुमारे दोन सेंटिमीटर वर येते, खर्च शून्य. स्टेमच्या वर स्पेसरच्या चकत्या शिल्लक असतील तर त्या खाली घालूनही उंची मिळते. मात्र काट्याची नळी आधीच कापून टाकलेली असेल तर हा मार्ग बंद असतो. कार्बनच्या नळीवर किती स्पेसर चालतात याची मर्यादा उत्पादकाने दिलेली असते, ती पाळावीच लागते. जुन्या काळ्या सायकलीत तर एक बोल्ट सैल करून हँडल वर ओढता येते, फक्त दांड्यावर कोरलेल्या किमान खोलीच्या खुणेपलीकडे नाही. सलग मान दुखत असलेल्या हौशी स्वाराने हँडल सीटच्या पातळीला किंवा किंचित वर आणून महिनाभर चालवून पाहावे. दिसायला ते शर्यतीच्या सायकलीसारखे राहत नाही, आणि याच कारणाने अनेक जण ते करत नाहीत.

सीटचा दोष मानेपर्यंत कसा पोचतो हे पटकन लक्षात येत नाही. सीटचे नाक खाली झुकवले की बसणारा सतत पुढे घसरतो आणि स्वतःला हातांनी मागे रेटत राहतो. खांद्यांचे स्नायू एक क्षणही सुटत नाहीत. सीट फार उंच असली की कंबर डोलते आणि वरचे धड स्थिर ठेवण्यासाठी खांदे आवळले जातात. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहावा आणि सीट जवळजवळ समतल असावी, हे रूढ माप बहुतेकांना पुरते. पोच कमी करण्यासाठी सीट पुढे ढकलणे हा मात्र चुकीचा मार्ग. सीटची जागा पायांच्या हिशेबाने ठरते. ती हलवली की मानेचे दुखणे गुडघ्यात जाते. हँडलची रुंदी खांद्यांच्या रुंदीइतकी असावी. ब्रेकचे हूड फार खाली बसवलेले असतील तर थोडे वर फिरवावेत.

हादऱ्यांवरचा सर्वांत स्वस्त उपाय टायरमध्ये आहे. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, शिफारशीचा नव्हे. तरी हवा भरताना पुष्कळ जण तिथपर्यंत जातात. २८ मिलिमीटरच्या टायरला सत्तर किलोच्या स्वारासाठी ऐंशी पीएसआयच्या आसपास हवा पुरते, आणि घोडबंदरसारख्या रस्त्यावर त्याहून रुंद टायर फ्रेममध्ये मावत असेल तर तोच घ्यावा. जाड हँडल टेप आणि गादीचे हातमोजे यांचा फायदा खरा आहे, पण दुय्यम.

डोक्यावर आणि पाठीवर काय आहे, हेही पाहावे लागते. हेल्मेट कपाळावर फार खाली आले किंवा त्याला पुढे झापड असली, तर वाकलेल्या स्वाराला रस्ता दिसण्यासाठी डोके आणखी उचलावे लागते. डोंगरी सायकलींसाठीच्या हेल्मेटची झापड रोड बाइकवर काढून टाकणे हा मिनिटाचा उपाय. चष्म्याचे प्रकरण याहून कमी चर्चिले जाते. फ्रेमची वरची कड नजरेच्या आड आली, किंवा घामाने चष्मा नाकावर घसरला, की माणूस नकळत हनुवटी वर करतो. चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह काच वापरणाऱ्यांचा गोंधळ दुहेरी असतो: दूरचे स्पष्ट दिसणारा भाग काचेच्या वर, तर वाकलेल्या स्थितीत नजर त्याच्याही वरून निघून जाते. सायकलीसाठी फक्त दूरच्या नंबरचा, वरची कड नसलेला वेगळा चष्मा केला तर काहींची मानदुखी तेवढ्यानेच ओसरते. सायकलीने कार्यालय गाठणाऱ्यांनी लॅपटॉपची पिशवी पाठीवरून उतरवून कॅरिअरच्या बाजूच्या पिशवीत टाकावी. पाठीवरचे ओझे पट्ट्यांमधून नेमके त्या ट्रॅपेझियसवरच दाबले जाते, जो आधीच राबत असतो.

आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने चालते, त्यामुळे मागून येणारा ट्रक पाहायला मान पुन्हा पुन्हा उजवीकडे वळवावी लागते. मागे मोडलेली मान त्याच अवस्थेत वळवली की उजव्या बाजूचे मणक्यांचे छोटे सांधे दाबले जातात. हँडलच्या उजव्या टोकाला लावलेला छोटा आरसा हे वळणे बरेच कमी करतो. काही स्वारांना आरसा नवखेपणाची खूण वाटते. काशीमिऱ्याच्या नाक्यावर त्या संकोचाला काही अर्थ नाही. आरसा असला तरी लेन बदलण्याआधी एकदा वळून पाहायचेच, पण त्यासाठी आधी थोडे ताठ व्हावे आणि मग धडासह वळावे.

चालवतानाची सवय सायकलीच्या मापाइतकीच मोलाची. मान दुखू लागल्यावर जागा बदलण्यापेक्षा दुखण्याआधी बदलावी: दर दहा-पंधरा मिनिटांनी हात हूडवरून वरच्या दांड्यावर, तिथून खाली वळणात, पुन्हा हूडवर. रिकाम्या रस्त्यावर पाचएक सेकंद ताठ बसून खांदे कानांपर्यंत उचलायचे आणि सोडून द्यायचे. हनुवटी किंचित आत घेऊन समोरचे डोळे वर करून पाहायचे. नजर थोडी डोळ्यांनी उचलली तर तेवढे काम मानेचे वाचते. गतिरोधक किंवा उखडलेला पट्टा आला की पायडल समांतर करून सीटवरून किंचित उठायचे आणि कोपरे सैल सोडायची, म्हणजे हादरा गुडघ्यांत जिरतो. मोबाइल हँडलवर फार खाली लावला तर पाहताना मान वर-खाली होत राहते. रस्ता आणि पडदा शक्य तितके एका नजरेत असावेत.

अंतर वाढवतानाही मानेला वेळ द्यावा लागतो. पाय आणि दम लवकर तयार होतात, मानेचे छोटे स्नायू सावकाश. उत्तनची तीस-चाळीस किलोमीटरची फेरी सहज जमू लागली की हुरूप येतो आणि पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी, लगेच नोंदवली जाते. ब्रेव्हेची मुदत उदार असते: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. ती संपण्याआधी मान संपते ती बहुधा त्यांची, ज्यांनी शंभराच्या पुढे कधी बैठकच मारलेली नसते.

या ताणाचे टोक अमेरिकेच्या आरपार होणाऱ्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या शर्यतीत दिसते. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर या स्वाराच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोके वर धरणेच अशक्य झाले. तेव्हापासून या अवस्थेला ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. तिच्यात वेदना दुय्यम असते. स्नायू कामच सोडून देतात आणि हनुवटी छातीवर पडते. स्वारांनी मग हनुवटीखाली आधार, हेल्मेटपासून पाठीपर्यंत पट्टे, चिकटपट्ट्या, असे नाना खटाटोप केले आहेत. महाराष्ट्राचा या शर्यतीशी संबंध जवळचा आहे. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पार केली. दोघांच्या संघात आळीपाळीने सायकल चालवता येते, म्हणून मानेला उसंत मिळते. एकट्याला ती फक्त झोपेत. मीरा-भाईंदरच्या रविवारच्या स्वाराला या अवस्थेची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मात्र ६०० च्या ब्रेव्हेत दुसऱ्या पहाटे डोके जड होऊन खाली झुकू लागले, तर पुढचा रस्ता नीट दिसणार नाही याचा तो इशारा असतो, आणि तिथे थांबणे भाग आहे.

शरीराच्या तयारीत नुसत्या ताणाच्या व्यायामांवर फार भर दिला जातो. आखडलेला स्नायू ताणल्याने बरे वाटते, पण तो आखडतो दुबळा पडल्यामुळे. म्हणून बळ वाढवणे अधिक टिकाऊ. पाठीवर झोपून, डोके न उचलता, हनुवटी हलकेच गळ्याकडे ओढून दहा सेकंद धरणे हा मानेच्या पुढच्या खोल स्नायूंचा मूळ व्यायाम. तो इतका साधा आहे की लोक तो गंभीरपणे घेत नाहीत. त्याच्या जोडीला तळहात कपाळावर, मागे आणि कडेला लावून मान न हलवता दाब देणे; रबरी पट्टा दोन्ही हातांनी मागे ओढून खांद्यांची पाती जवळ आणणे; धड स्थिर राहण्यासाठी प्लँक. पाठीचा वरचा भाग मोकळा करायला भुजंगासन, शलभासन आणि मार्जारासन उत्तम, भुजंगासनात मान मागे टाकण्याचा हट्ट न धरता. शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन यांत मानेवर थेट भार येतो किंवा ती टोकाला वाकते, म्हणून दुखणे असेपर्यंत ती वगळावीत. आठवड्यातून तीन-चार दिवस, दीड-दोन महिने केल्याशिवाय फरक दिसत नाही.

दुखणे सुरू झालेच, तर बहुतेक साधी मानदुखी काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरते. शेक, सोसेल इतपत मान सर्व दिशांना फिरवणे, रोजची कामे चालू ठेवणे हे पुरते. अंथरुणाला खिळून राहण्याने आणि आठवडे-आठवडे पट्टा बांधण्याने स्नायू आणखी ढिले पडतात. उशी अशी असावी की कुशीवर झोपल्यावर मान खांद्याच्या रेषेत राहील. वेदनाशामक मलम चालते; गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि गोळी घेऊन लांब पल्ल्याला निघणे टाळावे, कारण ती दुखणे झाकते, त्याचे मूळ दूर करत नाही. हलक्या हाताने तेल-मालिश सुखावते. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान कडकन मोडून घेण्याची सवय मात्र सोडावी. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. असे क्वचित घडते, पण मिळणाऱ्या क्षणभराच्या सुखासाठी ती किंमत मोठी.

काही लक्षणे साध्या दुखण्यात बसत नाहीत. बोटांना मुंग्या आल्या तर त्या कोणत्या बोटांना, हे पाहावे. फक्त करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होत असेल तर नस बहुधा मनगटाशी, हँडलच्या दाबाने दबलेली असते आणि हात बदलत राहिल्याने ती सुटते. अंगठा, तर्जनी किंवा मधले बोट बधिर होऊन वेदना दंडातून खाली उतरत असेल, पकड सैल पडत असेल, तर मानेतील नस दबल्याची शंका घ्यावी आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. चालताना तोल जाणे, दोन्ही हातांत अनाडीपणा येणे, लघवीवरचा ताबा सुटणे, तापासह मान ताठरणे, पडल्यानंतर मान दुखणे, अचानक फाटल्यासारख्या वेदनेबरोबर चक्कर किंवा बोबडी वळणे, यांत वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घामाने चिंब होऊन छातीत जडपणा आणि त्यासोबत मान, जबडा किंवा डावा हात दुखत असेल तर ते दुखणे हृदयाचे असू शकते. चढावर दमलेल्या स्वाराला तो थकवाच वाटतो, आणि इथेच घोटाळा होतो.

बरे वाटल्यावर पुन्हा सायकलीवर बसताना अंतर निम्म्यावर आणावे आणि हँडल वर घेतलेलेच ठेवावे. वाहन पाहायला मान दोन्ही बाजूंना विनासायास वळत नसेल तोवर रहदारीच्या रस्त्यावर जाऊ नये. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले नसेल तर आठवड्याला थोडे थोडे अंतर वाढवावे, आणि हँडल खाली घ्यायचे असेल तर एका वेळी एकच स्पेसर काढून दोन-तीन आठवडे चालवून पाहावे.